तिरपी तार

गिरगावातील आमच्या चाळीत दुपारची जेवणे उरकली की आई एका पटवेकऱ्यासाठी काळे मणी ओवायला बसत असे. भुलेश्वरच्या दुकानातून तो मण्यांच्या पुड्या आणि मोजून दिलेला दोरा पाठवी आणि आठवड्याने तयार सर मोजून परत नेई. गॅलरीच्या कठड्याजवळ जुन्या पांढऱ्या पंचावर मण्यांचा ढीग ओतायचा, पितळेची बारीक तार त्यात खुपसायची आणि ती चिमटीत अशी काही फिरवायची की मणी आपण होऊन तारेवर चढत जावेत, ही तिची पद्धत होती. शाळेतून आल्यावर मीही तिच्या शेजारी बसत असे. आपण जे करतो आहोत ती एखादी विद्या आहे, असे आम्हा दोघींपैकी कोणालाच कधी वाटले नाही. १९७१ साली मला याच विद्येवर नोकरी लागली आणि पुढची सहा वर्षे मी संगणकाची मेमरी ओवली.

‘ओवली’ हे क्रियापद मी अलंकार म्हणून वापरलेले नाही. त्या काळी मेमरी खरोखरच ओवावी लागत असे. लोह, मँगनीज आणि मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून फेराइटच्या चिमुकल्या कड्या तयार करीत. त्यांना कोअर म्हणत. आमच्याकडच्या कोअरचा बाहेरचा व्यास पाऊण मिलिमीटर होता, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही थोडा लहान, आणि मधले भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. एका कोअरमध्ये एक बिट राहत असे. कडीतले चुंबकत्व एका बाजूने फिरत असेल तर एक, उलट बाजूने फिरत असेल तर शून्य. अशा चार हजार शहाण्णव कोअर, चौसष्ट उभ्या आणि चौसष्ट आडव्या तारांच्या छेदांवर, एका तळहाताएवढ्या चौकटीत बसवायच्या. या चौकटीला कागदोपत्री प्लेन म्हणत आणि आम्ही सगळ्या जणी जाळी म्हणत असू. अशा बारा जाळ्या एकावर एक रचल्या की बारा बिटांच्या यंत्राची मेमरी तयार होई. त्यात एकूण एकोणपन्नास हजार एकशे बावन्न कोअर असत, आणि त्यांतली प्रत्येक कोणाच्या ना कोणाच्या बोटांखालून गेलेली असे.

मुलाखतीला मी चेंबूरच्या बाजूला एका कार्यशाळेत गेले होते. शिक्षण एस.एस.सी. आणि टायपिंगचे एक वर्ष, एवढेच. समोर काचेची बशी, तीत वीस कोअर, एनॅमलचा मुलामा दिलेली तांब्याची तार आणि टेबलावर घड्याळ. मी आईच्या पद्धतीने तार बशीत खुपसून फिरवली आणि एकही कोअर वर चढली नाही. उलट दोघी-तिघींचे तुकडे झाले, कारण फेराइट काचेसारखे ठिसूळ असते. मग मला आईची दुसरी रीत आठवली. ढीग संपत आला आणि पंचावर मोजकेच मणी उरले, की ती बोट जरा ओलसर करून मणी टिपून घेई आणि तार हलू न देता मणीच तारेकडे नेई. उरलेल्या कोअर मी तशा ओवल्या. घड्याळ धरून बसलेले साहेब समाधानाने म्हणाले, “मुलींची बोटे नाजूकच असतात.” माझ्या बोटांना तेव्हा चाळीच्या नळावरून हंडे वाहून घट्टे पडलेले होते, पण नोकरी हवी होती म्हणून मी काही बोलले नाही. ते वाक्य मात्र पुढची सहा वर्षे कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकत राहिले, आणि ते मला का खुपते हे कळायला त्यांतली बरीच वर्षे गेली.

बिटे चुंबकाच्या कड्यांत ठेवण्याची ही युक्ती आमच्याकडे येईपर्यंत जुनी झाली होती. पहिल्या संगणकांत बिटे पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपात फिरवत ठेवीत किंवा टीव्हीसारख्या काचनळीच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके करून ठेवीत. दोन्हींचा स्वभाव लहरी होता. अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने ‘व्हर्लविंड’ या संगणकात १९५३ साली फेराइट कोअरची मेमरी बसवली आणि पुढची सुमारे वीस वर्षे जगभर तिचेच राज्य चालले. मुंबईही त्यात फार मागे नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशीच्या दशकात एक संगणक घडवला गेला आणि तो १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या, पण मेमरी कोअरचीच होती, चाळीस-चाळीस बिटांचे दोन हजार अठ्ठेचाळीस गट मावणारी; अशा गटाला संगणकाच्या भाषेत ‘शब्द’ म्हणतात. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा त्याच्या मेमरीत पंधरा लाखांहून अधिक कोअर होत्या. १९६९ साली ट्रॉम्बेत तयार झालेला टीडीसी-१२ हा बारा बिटांचा संगणकही कोअरवरच चाले. यांपैकी एकही यंत्र मी नोकरीत असताना पाहिले नाही. जाळी ओवणाऱ्या मुलीला संगणक दाखवावा, असे कोणाच्या मनात आले नाही, आणि आम्हीही मागितले नाही.

कोअर कशी चालते हे मला आमच्या तपासणी विभागातल्या एका वयस्क तंत्रज्ञांनी जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितले. घरातला जड पाटा एकटीने उचलू म्हटले तर जागचा हलत नाही, आणि दोघींनी दोन बाजूंनी धरला की उचलला जातो. कोअरचे तसेच आहे. एका उभ्या तारेतून निम्मा प्रवाह सोडला तर त्या तारेवरच्या चौसष्ट कोअरपैकी एकही बधत नाही; त्याच वेळी एका आडव्या तारेतून दुसरा निम्मा सोडला, तर दोन्ही तारा जिथे छेदतात तेवढी एकच कोअर उलटते. चार हजार शहाण्णव बिटांमधून हवे ते एकच निवडायला मिळून एकशे अठ्ठावीस तारा पुरतात, त्या यामुळे. वाचण्याची रीत याहून विचित्र होती. माठात पाणी आहे की नाही हे पाहायला माठ पालथाच घालावा, तसे ते होते. कोअर शून्याकडे ढकलून द्यायची. ती मुळात एक असेल तर उलटताना तिच्यातूनच गेलेल्या एका वेगळ्या तारेत काही शतांश व्होल्टचा एक बारीक झटका उमटतो, आणि शून्यच असेल तर काही उमटत नाही. झटका आला म्हणजे माठ भरलेला होता, आणि आता तो सांडला आहे. म्हणून लगेच पुन्हा भरून ठेवायचा. प्रत्येक वाचनामागे एक लेखन ठरलेले असे आणि हे सगळे काही मायक्रोसेकंदांत उरकत असे. जिथे शून्यच ठेवायचे तिथे या पुन्हा भरण्याला आडवी येणारी एक तिसरी तार असे. झटका टिपणारी ती चौथी. ती जाळीभर तिरपी फिरे, आणि आम्ही तिला नुसती ‘तिरपी’ म्हणत असू.

उभ्या-आडव्या तारांचे काम कंटाळवाणे होते, पण अवघड नव्हते. खाचा पाडलेल्या एका पट्टीवर कोअर ओतून ती थरथरवली की खालून हवेच्या ओढीने एकेका खाचेत एकेक कोअर बसे, एक उजवीकडे कललेली तर शेजारची डावीकडे, गोधडीवरच्या नक्षीसारखी. मग रांगेतून सरळ तार सारायची. नवीन मुलींना हेच काम मिळे. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

तिरपी मात्र वर्ष-दीड वर्ष झाल्याशिवाय कोणाच्या हाती देत नसत. तोवर प्रत्येक कोअरच्या भोकातून तीन तारा गेलेल्या असत आणि उरलेल्या जागेतून चौथी न्यायची असे. तीही सबंध जाळीत एकच, मध्ये कुठेही जोड नसलेली. आधी एका दिशेच्या तिरप्या रांगा, मग त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या दिशेच्या. कोपऱ्यात रांग मोजक्या कोअरची असे, मध्यावर येईतो साठ-साठ कोअरची होई. भिंगाखाली मान वाकवून बसायचे, तारेला पीळ पडू द्यायचा नाही, एनॅमल खरवडू द्यायचे नाही, आणि खेच एवढीच ठेवायची की कोअर जागची हलेल पण तडकणार नाही. ही खेच शब्दांत सांगता येत नाही. ती माझ्या मधल्या बोटाच्या पेराला कळत असे, आणि अजून कळते; सुईत दोरा ओवून कापड जवळ घेताना एखादे वेळी तेच पेर आपोआप ताठ होते.

तिरपीची दिशाही महत्त्वाची होती. निवडलेल्या दोन तारांवरच्या बाकीच्या कोअर अर्ध्या प्रवाहाने उलटत नसल्या तरी किंचित चुळबुळ करतात, आणि अशा एकशे सव्वीस जणींची चुळबुळ एकत्र झाली तर एकीचा खरा झटका तीत बुडून जाईल. म्हणून तिरपी निम्म्या कोअरमधून एका बाजूने आणि निम्म्यांतून दुसऱ्या बाजूने न्यायची, म्हणजे ही कुजबुज आपापसांत फिटते. मी तिरपीवर बसले त्या पहिल्याच महिन्यात एक रांग उलट बाजूने शिरून गेले. ते माझ्या लक्षात आले तेव्हा पुढच्या एकवीस रांगा झालेल्या होत्या. तार उसवताना तिला पीळ पडतोच, आणि पीळ पडलेली तार पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे सगळी तिरपी काढून पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात. घरी येऊन मी रडले. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “नव्या तारेचे पैसे पगारातून कापतात का गं?” नाही म्हटल्यावर तिने तो विषय तिथेच संपवला. पटवेकरी कापत असे.

खोली वातानुकूलित होती. बाहेर जुलैचा चिखल आणि हार्बर लाइनची गर्दी, आणि आत बारा महिने एकसारखा थंडावा. सुरुवातीला आम्ही स्वेटर आणत असू आणि घरच्यांना त्याचे हसू येई. नियम पुष्कळ होते. डोक्याचे तेल हाताला लागता कामा नये, पावडर नको, गजरा नको, बांगड्या नकोत. बांगड्यांवरून एकदा चांगलाच पेच उभा राहिला. लालबागहून येणाऱ्या, नुकतेच लग्न झालेल्या आमच्यातल्या एकीने हिरवा चुडा उतरवायला साफ नकार दिला. साहेबांनी शिस्तीची भाषा केली, तिने सासूची केली. दोन दिवस ती नुसती बसून होती. शेवटी आमच्यातल्याच एका जुन्या बाईने चुडा कोपराकडे सरकवून त्यावर धुवट धोतराची पट्टी गुंडाळून दिली, आणि तो प्रश्न मिटला. पुढे त्या पट्ट्या स्टोअरमधून मिळू लागल्या आणि मागणीच्या रजिस्टरमध्ये ‘आर्म बँड’ म्हणून नोंदवल्या जाऊ लागल्या.

मला आठवतो तो मे महिना १९७४ चा. लागोपाठ तीन स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या जाळ्यांचे संच, अंतिम तपासणीत नापास झाले. बुद्धिबळाच्या पटासारखा एक आड एक शून्य-एक असा नमुना मेमरीत भरून तो हजारो वेळा वाचून पाहायचा, ही सर्वांत कठोर तपासणी असे, आणि तीत बिटे गळू लागली होती. बैठक झाली, आणि ‘ओवणीत हयगय’ असा निष्कर्ष निघाला. आम्हा अकरा जणींना उभे करून सुनावण्यात आले. तीन वर्षे कौतुक झालेली नाजूक बोटे एका दुपारीत गबाळी ठरली.

चुकलेल्या बिटांचे तक्ते मी त्या वयस्क तंत्रज्ञांकडून मागून घेतले. तक्ते वाचायला मला कोणी शिकवले नव्हते, पण जाळी मला पाठ होती. ओवणीची चूक एका जागी राहते: तार खरवडली असेल तर त्या तारेवरची सगळी बिटे चुकतात, कोअर तडकली असेल तर ती एकटीच, आणि दिवसातून कितीही वेळा तपासा, चूक तिथेच सापडते. या तक्त्यांतल्या चुका मात्र सबंध जाळीभर विखुरलेल्या होत्या, सकाळी जवळजवळ नव्हत्या आणि दुपारी दोननंतर वाढत होत्या. वीज वाचवण्यासाठी त्या महिन्यापासून तपासणीच्या खोलीतली थंड हवा जेवणाच्या वेळी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. फेराइट तापले की ते उलटवायला लागणारा प्रवाह कमी होतो. म्हणजे थंडीत ज्या निम्म्या प्रवाहाला कोअर दाद देत नाही, तोच मेच्या दुपारी तिला हळूहळू ढळवू लागतो. तंत्रज्ञांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले, तपासणीच्या टेबलावर थर्मामीटर ठेवला आणि आठवडाभर दर तासाला आकडे लिहिले. त्यानंतर थंड हवा बंद करणे थांबले, आणि काही महिन्यांनी प्रवाह सोडणाऱ्या परिपथात तापमानानुसार प्रवाह कमी-जास्त करणारा एक भाग घातला गेला. अहवालात ‘तपासणी विभागाच्या निरीक्षणानुसार’ असे शब्द होते. त्यात त्या तंत्रज्ञांचा दोष नव्हता. त्यांनी मसुद्यात ‘असेंब्ली विभाग’, म्हणजे आमचा विभाग, असे लिहिले होते, ते वर कुठे तरी बदलले गेले.

याच सुमारास मला त्या नाजूक बोटांचा अर्थ लागला. सोल्डरिंग करणारी मुले टेक्निशियन होती आणि आम्ही हेल्पर होतो. सोल्डरिंग तीन महिन्यांत येते, तिरपीला दीड वर्ष लागते, तरी श्रेणी अशी का, असे मी एकदा विचारले तेव्हा मिळालेले उत्तर सरळ होते: ते शिकून येतात, तुमच्यात ते मुळातच असते. एकदा जन्मजात ठरले की त्याचे शिक्षण मोजायला नको, आणि शिक्षण मोजले नाही की पैसे द्यायला नकोत. आईच्या मण्यांना पटवेकरी जे दाम देई त्यामागेही हाच हिशेब होता. फक्त तो तिला कोणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितला नव्हता. हे केवळ आमच्याकडचे नव्हते, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळले. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातील कायमची मेमरी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थमच्या कारखान्यात स्त्रियांनी हाताने विणली होती. तार कोअरमधून नेली तर एक, बाहेरून नेली तर शून्य, अशा रीतीने छत्तीस हजारांहून अधिक शब्दांचा सबंध प्रोग्रॅम त्यांनी ओवला, आणि अभियंते त्या मेमरीला आपसांत ‘म्हाताऱ्या बायांची मेमरी’ म्हणत. त्यात प्रेम होते असे सांगतात. असेलही.

आमचे काम संपले ते आमच्या चुकीने नव्हे. १९७० साली इंटेल या अमेरिकी कंपनीने ११०३ नावाची चिप बाजारात आणली होती. नखाहून लहान सिलिकॉनच्या तुकड्यावर एक हजार चोवीस बिटे. तिच्यातली माहिती वीज गेली की नाहीशी होई, आणि वीज असतानाही सतत ताजी करावी लागे. आमच्या कोअरला यातले काहीच लागत नसे. पण चिप छापता येत होती आणि कोअर ओवावी लागत होती. आमच्याकडच्या ऑर्डर १९७६ पासून आटू लागल्या आणि १९७७ च्या दिवाळीनंतर विभाग बंद झाला. काही जणींना वायरिंगमध्ये घेतले, काही घरी गेल्या, मी एका बँकेत टायपिस्ट झाले. बँकेतही पुढे संगणक आला. त्याचे झाकण उघडून पाहण्याची इच्छा मला अनेकदा झाली, पण ते माझे काम नव्हते.

विभाग आवरताना नापास मालाच्या पेटीतली एक जाळी मी रीतसर विचारून घरी आणली. तिची एक आडवी तार तुटलेली आहे, बाकी ती पूर्ण आहे. कोअरचे चुंबकत्व विजेवाचून वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा शेवटच्या तपासणीत भरलेला बुद्धिबळाचा पट अजूनही तिच्यात असावा. गेल्या गणपतीत नात आली होती, तिने ती कपाटातून काढून खिडकीशी धरली, फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहिली आणि विचारले, “आजी, यात मावते किती?” मी म्हटले, चार हजार शहाण्णव बिटे, म्हणजे पाचशे बारा बाइट. तिने मनातल्या मनात हिशेब केला. देवनागरीतले एकेक चिन्ह हल्ली तीन बाइट घेते, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे एकशे सत्तर चिन्हे. “मग तुमची सगळ्यांची नावे यात बसतील की. आडनावांसकट.” जाळीच्या चौकटीला अजून ते तपासणीचे कार्ड दोऱ्याने बांधलेले आहे. त्यावर विभागाचा क्रमांक आहे, तारीख आहे आणि तपासनिसाची सही आहे. मी तिला कागद-पेन्सिल आणायला सांगितले आणि नावे सांगायला सुरुवात केली. नऊ लगेच आठवली, दहावे माझे. अकरावीचे, त्या लालबागच्या हिरव्या चुडेवालीचे, माहेरचे आडनाव तेवढे आठवते आहे, आणि रजिस्टरमध्ये ते बदलून घ्यायला ती कधी गेली की नाही, हे काही केल्या आठवत नाही.